डब्याच्या तळाशी

मराठीत 'चॉकलेट' हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात चॉकलेट सोडून बाकी सगळे मावते. आमच्या शाळेत ज्याचा वाढदिवस असेल तो मुलगा नवा सदरा घालून, केसांना तेल चोपडून, हातात पिशवी घेऊन वर्गावर्गांतून हिंडतो. "बाई, चॉकलेट!" असे म्हणून पिशवी पुढे करतो. पिशवीत कधी संत्र्याची गोळी निघते, कधी कच्च्या कैरीच्या स्वादाची, कधी दाताला चिकटून बसणारी दुधाची टॉफी. कोको नावाच्या झाडाशी यांतल्या बहुतेक वस्तूंचा दूरचासुद्धा संबंध नसतो. पण कागदात गुंडाळलेले असले आणि गोड असले की झाले ते चॉकलेट! माझ्या लहानपणी रावळगावच्या गोळ्या मिळत. वालचंद हिराचंदांनी नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावात १९३३ साली साखरेचा कारखाना काढला होता. त्या नावाच्या साखरगोळ्यांनाही आम्ही बिनदिक्कत चॉकलेटच म्हणत असू.

शब्दाची ही गंमत आधी सांगितली, ती अशासाठी की ज्या चॉकलेटाविषयी मला आज चार शब्द लिहायचे आहेत ते या व्याख्येत मुळी बसतच नाही. ते आधी कडू लागते आणि मग, धीर धरला तर, गोड. रंग काळपट. दुकानातून त्याला 'डार्क' म्हणतात. आमच्या घरी त्याला नाव नाही. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांप्रमाणे सगळे त्याला नुसते 'ते' म्हणतात. "ते नको ग, दुसरं दे."

माझे थोरले बंधू न्यू जर्सीत असतात. दोन-तीन वर्षांनी एकदा, डिसेंबरात, दादा आणि वहिनी सावंतवाडीला येतात. त्यांच्या सामानात हर्शी कंपनीच्या बोटभर वड्यांची एक भली मोठी पिशवी असतेच असते. अमेरिकेत ही मिसळ १९३९ सालापासून मिळते म्हणे. तिच्यात चार जाती. एक निव्वळ दुधाची. एक पिवळ्या कागदातली, शेंगदाण्यांची. एक लाल कागदातली, कुरमुऱ्यासारखे काहीतरी घातलेली. आणि चौथी 'स्पेशल डार्क'. पिशवी घरात आली की चकलीच्या मोठ्या डब्यात रिकामी होते, आणि तिथून पुढे जे घडते त्याचा क्रम मी आता तोंडपाठ सांगू शकते. पहिल्या दिवशी दिवेलागणीच्या आत पिवळ्या वड्या संपतात. शेंगदाणा म्हटला की मराठी माणसाचा हात आपोआप पुढे होतो. त्याला कोण काय करणार? दुसऱ्या दिवशी लाल कागद घरभर उडू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, "राहिल्यात त्या बघू" असे म्हणत, मंडळी दुधाच्या वड्या संपवतात. आणि मग डबा शांत होतो. हलवला तर खुळखुळतो. पण झाकण कोणी काढत नाही. शेजारचे एखादे मूल आले तर तेवढ्यापुरती एक वडी बाहेर निघते. मूल मोठ्या आशेने चावा घेते, त्याचा चेहरा हळूहळू बदलतो आणि उरलेली अर्धी वडी ते आईच्या हातात देते. आई ओशाळून हसते. अर्धी वडी रुमालात जाते.

'स्पेशल' या शब्दाचा इतका अपमान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

त्या वड्या मी खाते. या लेखाचा विषय एवढाच आहे.

खरे पाहता ही अमेरिकन वडी फारशी कडू आहे असेही नाही. तिकडच्या कायद्याने दुधाच्या चॉकलेटात कोकोचा अर्क शेकडा १० असला तरी चालतो. जरा कडसर म्हणवून घ्यायचे असेल तर तो निदान शेकडा ३५ लागतो. उरलेल्या जागेत पुष्कळशी साखरच. म्हणजे आमच्या घरची मंडळी जिला भितात ती बिचारी निम्म्याहून कमी कडू. पण दुधाच्या वडीच्या शेजारी बसल्यामुळे तिचे नाव खराब झाले. कुटुंबात एक भावंड लाघवी असले की दुसरे तुसडे ठरते, तसलाच प्रकार.

गंमत अशी की वयाने ही काळी वडीच थोरली. दातांनी चावून खायची चॉकलेटची वडी प्रथम केली ती १८४७ साली, इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी, फ्राय नावाच्या कारखानदारांनी. कोको, साखर आणि कोकोचेच लोणी; दुधाचा थेंब नाही. त्याआधी शेकडो वर्षे मेक्सिकोकडचे लोक कोको पीत, तोही कडू आणि वर मिरची घालून. स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटरने त्यात दूध मिसळण्याची युक्ती साधली ती १८७५ साली. म्हणजे अठ्ठावीस वर्षे ही एकटीच घरात होती. मग धाकटी आली, गोरी, गुबगुबीत, सगळ्यांच्या मांडीवर बसणारी. थोरली डब्याच्या तळाशी गेली.

ज्यांच्या नावाने ही पिशवी येते ते मिल्टन हर्शी मात्र मला आवडतात. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. माझे दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिकचे; तेवढ्यावर मी बालवर्गाच्या पोरांना गमभन शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे कमी शिकून काहीतरी करून बसलेल्या माणसांविषयी मला आपलेपणा वाटतो. हर्शींचे आधीचे धंदे बुडाले, मग कॅरॅमलच्या धंद्यात यश आले, तो धंदा १९०० साली दहा लाख डॉलरना विकून त्यांनी चॉकलेट धरले. मूलबाळ नव्हते. नवराबायकोंनी १९०९ साली पोरक्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे आपली मालमत्ता त्या शाळेच्या विश्वस्तनिधीला देऊन टाकली. ती शाळा आजही चालू आहे. वडीचा कागद उलगडताना मला हे कधीमधी आठवते. नाही असे नाही.

पण याच कारखान्याने काळ्या चॉकलेटाची एक भयंकर बदनामीही करून ठेवली आहे. १९३७ साली अमेरिकन सैन्याने त्यांच्याकडे सैनिकांसाठी अडीअडचणीला खायची वडी मागितली. अटी काय, तर वजन चार औंस असावे, उन्हात वितळू नये, पोटाला आधार व्हावा, आणि चव? ती उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी असावी! चवदार केली तर सैनिक संकटाची वाट न पाहता आधीच फस्त करतील, ही भीती. कारखान्याने हुकूम तंतोतंत पाळला. कडू, ओटचे पीठ घातलेली, दाताने तुटेना अशी वडी तयार झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी तिला पोटभर शिव्या दिल्या. कडू पदार्थ लोकांना आवडू नये म्हणून एखाद्या सरकारने लेखी बंदोबस्त केल्याचे एवढे एकच उदाहरण मला माहीत आहे. बाकीच्या ठिकाणी तो बंदोबस्त लोक आपण होऊन करतात.

आता ती लागते कशी, ते सांगायला हवे. रात्री निजानीज झाली की मी मुलांच्या वह्या घेऊन बसते. आठ-दहा वह्या झाल्या की एक वडी. ती चावायची नाही. चांगली असली तर मोडताना टक् असा आवाज होतो. दुधाची वडी मुकाट्याने वाकते. जिभेवर ठेवली की पहिल्या क्षणी काहीच कळत नाही. मग कडवटपणा येतो. कडुनिंबाचा अंगावर येणारा नव्हे, तर भाजलेल्या कॉफीचा किंवा कढईत जरा जास्त खमंग झालेल्या खोबऱ्याचा असतो तसा. आणि तो ओसरता ओसरता त्याच्या मागून गोडी येते, दारात उभी राहून आत येऊ का विचारणाऱ्या माणसासारखी. दुधाची वडी तोंडात पडल्या पडल्या सगळे बोलून टाकते. हिच्या एका वडीत माझ्या चार वह्या तपासून होतात.

कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे माणसाच्या अंगापेक्षा किंचित कमी उष्णतेला. म्हणून तर ते जिभेवर विरघळते. पण आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कपाटातल्या कपाटातही विरघळते आणि पावसाळी गारव्यात पुन्हा घट्ट होते. मग वडीवर पांढरे डाग उमटतात. लोक म्हणतात बुरशी, आणि फेकून देतात. ती बुरशी नव्हे. कोकोचे लोणीच वर येऊन बसलेले असते. चव थोडी खडबडीत होते, बिघडत काही नाही. अशा डागाळलेल्या कितीएक वड्या मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन परत आणल्या आहेत.

ही आवड मला लागली कुठून? अमेरिकेतून नव्हे. माझी मावशी दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. पिढ्यान्‌पिढ्या मागे कोकणातून तिकडे गेलेली मराठी घराणी त्या भागात आहेत. घरात जुन्या वळणाची चित्पावनी, बाजारात कानडी आणि तुळू. त्यांच्या सुपारीच्या बागा. मी नऊ-दहा वर्षांची असेन, १९९१ च्या सुमाराची गोष्ट. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती, ती १९९८ साली पुरी झाली. एस्टी बदलत बदलत, गोव्यातून, कारवारातून, आम्ही दीड दिवसाने पोचलो होतो. बागेत शिरले आणि पाहते तो सुपारीच्या उंच खांबांखाली बुटकी, पसरट झाडे. आणि फळे फांद्यांच्या टोकांना नव्हेत, तर थेट खोडाला लगडलेली! पिवळी, कंगोऱ्यांची, पपईच्या पोरांसारखी. मला वाटले, कोणीतरी चिकटवून ठेवली आहेत.

मावशीच्या यजमानांनी एक फळ दगडावर आपटून फोडले. आत तीस-चाळीस बिया, पांढऱ्याशुभ्र बुळबुळीत गरात गुंडाळलेल्या. गर आंबटगोड, रामफळ आणि लिची यांच्या मधला काहीसा. आम्ही मुले तुटून पडलो. पण काकांनी दर मुलामागे एकच फळ, असा दंडक घातला. कारण गर चोखून टाकलेल्या बीचे चॉकलेट होत नाही. गरासकट बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस कुजत ठेवायच्या, मधून मधून वरखाली करायच्या. ढीग आपोआप ऊन होतो, सिरक्यासारखा वास सुटतो, गर पाणी होऊन वाहून जातो आणि त्या उष्णतेत आतली जांभळी बी तपकिरी होत जाते. मग उन्हात वाळवणे. काकांचे म्हणणे, "गोड आहे ते सडू द्यायचं, तेव्हा कडवाला वास येतो." काका तत्त्वज्ञ नव्हते. बागाईतदार होते, भावाचा हिशेब तोंडात, विडा गालात.

त्यांनी कोको लावला होता सत्तरच्या दशकात, सगळ्यांनी लावला म्हणून. १९८० च्या सुमारास भाव कोसळला, गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला आणि लोकांनी झाडे उपटून टाकली. तेव्हा सुपारीवाल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, वाराणशी सुब्राय भट यांच्या पुढाकाराने १९७३ साली मंगळुरात निघालेली कॅम्पको, कोको खरेदीला उभी राहिली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखानाच काढला. सुपारी पिकवणाऱ्यांनी मिळून चॉकलेटचा कारखाना चालवावा हे मला अजूनही एखाद्या नवलकथेसारखे वाटते. काकांनी झाडे ठेवली, ती या भरवशावर की आळसाने, ते मावशीलाही सांगता येत नसे. २०२४ साली जगात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर चढला तेव्हा मावसभावाचा फोन आला होता. अण्णा असते तर आज गावजेवण घातले असते, म्हणाला. पुढे भाव उतरला. गावजेवण राहिले ते राहिलेच.

तर त्या उन्हाळ्यात मावशीने मूठभर वाळलेल्या बिया लोखंडी कढईत भाजल्या, टरफले पाखडली, रगड्यावर गुळाबरोबर वाटल्या आणि त्या काळ्या लगद्याची सुपारीएवढी गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवली. दादाने ती तुळशीच्या कुंडीत थुंकली. माझी मी खाल्ली आणि त्याच्या वाट्याची दुसरी मागितली.

हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण वहिनी.

वहिनी फार सरळ मनाची बाई. २०१७ च्या डिसेंबरात तिच्या लक्षात आले की डब्यातले उरलेसुरले नेहमी मी खाते. तिला ते लागले. रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "अगं, तू कायम उरलेलंच खातेस. मला कसंसंच होतं."

मी म्हटले, "वहिनी, मला आवडतं ते."

"असं म्हणायचंच असतं ग आपण बायकांनी."

पुढल्या खेपेला तिने माझ्यासाठी निराळी पिशवी आणली. वर चिठ्ठीवर माझे नाव. आत सगळ्याच्या सगळ्या दुधाच्या वड्या! मी तिचे आभार मानले आणि जानेवारीत एकेक करून त्या बालवर्गात वाटून टाकल्या.

वहिनीला मी काय समजावणार? 'मला हेच आवडतं' या वाक्याने आपल्या आज्या-पणज्यांनी इतकी खोटी नाणी चालवली आहेत की आता माझे खरे नाणेही कोणी हातात घेत नाही. शिळी पोळी आवडते, कडेचा भात आवडतो, भाजी नसली तरी चालते, माशाचे डोकेच गोड लागते. घरातल्या बाईने असे म्हणायचे आणि इतरांनी डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हा एक काळ झाला. आता दुसरा काळ आला आहे: बाईने काहीही म्हणो, विश्वास म्हणून ठेवायचा नाही. हा दुसरा काळ पहिल्यापेक्षा बरा, यात शंका नाही. पण त्यातही बाईला काय आवडते ते दुसरेच कोणीतरी ठरवते. माझ्या पहिल्या कादंबरीचे मानधन हाती आले तेव्हा मी पणजीला जाऊन एका मोठ्या दुकानात शिरले होते. तिथे डबा नव्हता, तळ नव्हता, पुतणे-पुतण्या नव्हत्या. फळ्याच्या फळ्या भरून हवे ते चॉकलेट होते. मी एकच मोठी, काळी वडी घेतली आणि सावंतवाडीच्या गाडीत म्हापसा येईतो निम्मी संपवली. याला त्याग म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

आमच्या आईचेही असेच झाले होते. तिचे अधिक वाईट झाले.

आईला खरवड आवडायची. दूध आटवलेल्या पातेल्याच्या बुडाशी जो तांबूस, किंचित करपलेला थर धरतो ती. साय ती आम्हाला घाली आणि खरवड शिंपल्याने खरवडून स्वतः खाई. घराण्यात याची कथा झाली होती. काकू हळदीकुंकवाला डोळ्यांना पदर लावून ती सांगत. दादाने सातवीत 'माझी आई' या निबंधात खरवड घातली आणि त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. त्याच्या मनात ती गोष्ट रुतून बसली असली पाहिजे. नोकरीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत, २००४ साली, त्याने आईसाठी बुडाला काही न लागणाऱ्या भांड्यांचा अख्खा संच आणला. सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, आता तुला खरवड खायला लागणार नाही."

आई म्हणाली, "बरं."

मी तेव्हा तिच्याकडे पाहिले होते. दुपारी सगळी निजली की स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन, पातेले मांडीत धरून, ती खरवड कशी खायची हे मी लहानपणापासून पाहत आले होते. ते काही उपाशी माणसाचे खाणे नव्हते. हात चाटण्याचे होते. पण मुलाने इतक्या लांबून, इतक्या मायेने आणलेली भांडी. त्यांच्यासमोर काय बोलणार? जुनी पातेली माळ्यावर गेली. मी एकदा म्हटले, "उतरवू का ग?" तर म्हणाली, "राहू दे. त्याच्या मनाला लागेल." बारा वर्षे आमच्या घरात दूध करपले नाही.

२०१६ साली ती अंथरुणाला खिळली. जेवण जाईना. दादा तिकडून रोज फोन करी: तिला हवे ते दे, कुठूनही मागव, पैशांकडे पाहू नकोस. पेढे झाले, आइस्क्रीम झाले, मुंबईहून कोणी कसलीशी शक्तीची पूड आणली. एके दिवशी दुपारी मी पंख्याने वारा घालत बसले होते, तर म्हणाली, "दुधाची खरवड मिळाली तर बघ."

मी माळ्यावर चढून जाड बुडाचे पितळी पातेले काढले. कल्हई उडालेली होती. गावात कल्हईवाला आता येत नाही, म्हणून ते ठेवून अॅल्युमिनियमचे घेतले. लिटरभर दूध मंद आचेवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ढवळायचे सोडून नुसती पाहत उभी राहिले. शिंपला कुठे सापडेना, तर धाकट्या भावाला वेंगुर्ल्याला पिटाळले. तो संध्याकाळी समुद्रावरून सात-आठ शिंपले घेऊन आला. आईने उशाला टेकून बसून आपल्या हाताने खरवडून खाल्ली. दोन घास झाल्यावर म्हणाली, "जरा जास्तच लागली." मग पातेले पुन्हा जवळ ओढले.

त्यानंतर ती महिनाभर होती. तीन वेळा केली.

दादाला मी हे अद्याप सांगितलेले नाही. या अंकात वाचील तर वाचील. त्याने रागावू नये. भांडी चांगली आहेत, अजून वापरते.

हल्ली दादा स्वतःच काळे चॉकलेट खातो. पन्नाशी उलटली, रक्तात साखर निघाली, आणि कोणीतरी सांगितले की दुधाच्या चॉकलेटापेक्षा डार्क बरे, हृदयाला हितकारक असते. तेव्हापासून रात्री जेवणानंतर दोन चौकोन, वर घोटभर पाणी. नाकपुड्या आवळून. "किती टक्के आहे हे?" असे पाकीट उलटसुलट करून विचारतो. आता तसा बाजारच झाला आहे. आपल्या अमूलचेच डार्क ५५ टक्क्यांचे मिळते, ७५ चे मिळते, ९० चे आणि ९९ चेही. (९९ टक्क्यांपुढे मी हात जोडले. ती आवड नव्हे, ते व्रत आहे.) दादा मला म्हणतो, "तू दूरदृष्टीची. आधीपासूनच हेल्दी खात आलीस." घ्या! इतके दिवस त्याग होता, आता औषध झाले.

आपल्याकडे कडवाला नेहमीच असा परवाना दाखवावा लागतो. आमच्या भागात नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीसमोर डाव्या अंगठ्याने कारीट चिरडायचे आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा. दिवाळी सुरू होते ती त्या कडू थेंबाने. पण तो नरकासुराच्या नावाने. तोंड वेडेवाकडे करायचे आणि धावत जाऊन गोड पोह्यांवर बसायचे. पाडव्याचा कडुनिंब आरोग्याच्या नावाने. मेथीचे लाडू बाळंतिणीच्या नावाने. आणि कारली? मीठ लावून, पिळून, त्यांचा सगळा कारलेपणा पाण्यावाटे घालवून, वर गूळ-चिंच घालून वाढायची, आणि जेवणाऱ्याने सुगरणीला जास्तीत जास्त कोणती शाबासकी द्यायची, तर "अजिबात कडू झाली नाहीत हो!" मग दुधी का नाही करीत, असे माझ्या ओठांवर येते. मी कारल्याच्या काचऱ्या न पिळता करते. घरात कोणी खात नाही. मला पुरतात.

गेल्या डिसेंबरात पिशवी आली, डबा भरला, रीतीप्रमाणे पिवळ्या, लाल, दुधाच्या गेल्या. मंडळी परत अमेरिकेला गेली. जानेवारीत वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले आणि डबा उघडला. मी वड्या मोजत नाही, पण अदमास असतो. निदान बारा हव्या होत्या. सात निघाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाच्या मुलीच्या कंपासपेटीत चांदीच्या कागदाच्या पाच होड्या सापडल्या. ती नऊ वर्षांची आहे. मी विचारले, "कडू नाही लागत तुला?"

"लागतं की," ती म्हणाली. "आत्या, अजून आहेत ना?"

मी डबा आणला. आम्ही दोघींनी वाटणी करायची ठरवली. तीन तिला, तीन मला. उरली एक. ती म्हणाली, मी लहान आहे, मला चार. मी म्हटले, तू पाच आधीच खाल्ल्यास. ती म्हणाली, आई म्हणते की आत्या कधी कुणाला नाही म्हणत नाही.

सातवी वडी मी खाल्ली.